शिंगांवरची ओढणी : ‘मॅलेफिसेंट’च्या दुसऱ्या भागातली ऑरोरा

ऑरोरा कृतघ्न आहे, असं माझ्या लेकीच्या मैत्रिणींचं ठरलेलं मत आहे. जिनं वाढवलं तिच्यावरच उलटली, राजवाडा दिसल्यावर आईला विसरली, असं त्यांचं म्हणणं. सहावीतल्या पोरी आहेत, त्यांचा निकाल पटकन लागतो. मला मात्र ‘मॅलेफिसेंट : मिस्ट्रेस ऑफ इव्हिल’ बघताना त्या पोरीचीच बाजू पटत गेली. आणि ज्यांनी हा सिनेमा केला त्यांनी ती बाजू अर्ध्यावर सोडून दिली, याचा रागही आला. या दोन्ही गोष्टी मला नीट सांगायच्या आहेत.

पहिला भाग 2014चा. झोपी गेलेल्या राजकन्येची जुनी गोष्ट त्यात शाप देणाऱ्या परीच्या बाजूनं सांगितली होती. स्टीफन नावाचा माणूस प्रेमाचं नाटक करून मॅलेफिसेंटचे पंख कापून नेतो आणि त्या जोरावर राजा होतो. ती त्याच्या तान्ह्या मुलीला, ऑरोराला, पाळण्यातच शाप देते: सोळावं वर्ष सरायच्या आत चरख्याची चाती बोटाला टोचेल, तू झोपशील आणि खऱ्या प्रेमाच्या चुंबनाशिवाय उठणार नाहीस. पुढं झाडाआडून त्या पोरीवर नजर ठेवता ठेवता हिचाच जीव तिच्यावर जडतो. दिलेला शाप मागं घ्यायला जाते, तर तो घेता येत नाही. राजपुत्राच्या चुंबनानं काहीच होत नाही. शेवटी मॅलेफिसेंट रडून तिच्या कपाळावर ओठ टेकते आणि पोर डोळे उघडते. आमच्या घरी या प्रसंगाला अजून कुणीतरी डोळे पुसतंच.

दुसरा भाग 2019च्या ऑक्टोबरमध्ये आला. मधे पाच वर्षं गेलीत, कथेतही तेवढीच. ऑरोरा आता मूर्सची, म्हणजे पऱ्या, बोलकी झाडं आणि चिमुकले जीव राहतात त्या रानाची राणी आहे. शेजारच्या अल्स्टेडचा राजपुत्र फिलिप तिला मागणी घालतो, ती हो म्हणते, मॅलेफिसेंट नाही म्हणते. अँजेलिना जोली आणि एल फॅनिंग त्याच आहेत. फिलिप मात्र बदललाय. ब्रेंटन थ्वेट्सच्या जागी हॅरिस डिकिन्सन आला. लेकीनं आल्या आल्या ओळखलं आणि ‘हा तो नाही’ म्हणून बराच वेळ हटून बसली. दिग्दर्शकही नवा, योआकिम रॉनिंग. पण सगळ्यात मोठी भर आहे ती मिशेल फायफरची. ती झाली आहे फिलिपची आई, राणी इन्ग्रिथ.

आता त्या मेजवानीबद्दल. माझ्या मते या सिनेमाचा जीव तिथंच आहे. दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून इन्ग्रिथ मॅलेफिसेंटला जेवायला बोलावते. निघण्याआधी मॅलेफिसेंट हसायचा सराव करते. डायव्हल, म्हणजे तिचा माणूस झालेला कावळा, तिला सांगतोय की सुळे जरा कमी दिसू देत. हसू येतं, पण पोटात तुटतंही, कारण एवढी मोठी बाई फक्त लेकीसाठी हे करतेय. आणि मग ऑरोरा तिच्यापुढं एक झिरझिरीत कापड धरते. शिंगं झाकायला, तिकडच्या लोकांना अवघड वाटू नये म्हणून. मॅलेफिसेंट काही बोलत नाही. जोलीचा चेहरा तिथं बघण्यासारखा आहे. डोळे क्षणभर त्या कापडावर थांबतात, मग लेकीकडं जातात, आणि ती ते डोक्यावर घेते.

ऑरोराला तिची लाज वाटते म्हणून ती हे करत नाही. तिला दोन्ही घरं एका ताटात जेवायला बसवायची आहेत आणि त्यासाठी तिला एवढाच उपाय सुचतो. ज्या मुलीनं सासर-माहेर यांच्यामधली पहिली भेट घडवून आणलीय तिला हे लगेच कळेल. दोन्हीकडचं कुणी काही बोलू नये म्हणून ती सगळ्यांना थोडं थोडं झाकायला सांगते, आणि हे आपल्यातल्या बहुतेकींनी केलेलं किंवा पाहिलेलं असतं.

मला मावशीनं वाढवलं. आई मला आठवतही नाही. मावशी विड्या वळायची. सुपात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, पान कापायचा पत्र्याचा फर्मा आणि दोऱ्याची रीळ, एवढ्यावर आमचं घर चाललं. बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा नात्यातल्या एका बाईंनी मावशीला सांगितलं, ते सूप आत टाक आणि तू पण आतच बस, हाताला वास येतो. मावशीनं लिंबाच्या फोडीनं नखं घासली, सूप कॉटखाली सरकवलं आणि आत बसली. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा दाराच्या फटीतून तिचं पातळ दिसत होतं. लग्नात कन्यादानाला मामा-मामी बसले, कारण मावशी एकटी होती. म्हणून त्या ओढणीच्या प्रसंगाला मी रिमोट उचलून सिनेमा थांबवला. मावशी त्या दिवशी कुंभारीहून आमच्याकडं आलेली होती, शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “थांबीवलंस कशाला? शिंगं झाकली म्हणून ती बारकी झाली व्हय? लाव पुढं.”

पुढं जे होतं ते फायफरनं फार बारकाईनं केलंय. इन्ग्रिथ एकदाही आवाज चढवत नाही. मूर्सच्या हद्दीजवळ दोन माणसं मेल्याचं ती जेवताना मधेच काढते. ऑरोराला रानात, पऱ्यांच्या हाती वाढावं लागलं याबद्दल हळहळते. आणि शेवटी, आता या मुलीला खरी आई मिळेल, असं सरळ बोलून दाखवते. सगळं मायेच्या सुरात! ज्यांच्या घरी असं बोलणारं माणूस आहे त्यांना त्या टेबलाशी बसल्यासारखंच वाटेल. मॅलेफिसेंटचा तोल जातो, तिची शक्ती उसळते, आणि त्याच घटकेला फिलिपचे वडील, राजा जॉन, शापाच्या झोपेत कोसळतात. मी केलेलं नाही, असं ती सांगते. ऑरोरा तिच्यावर विश्वास ठेवत नाही. मॅलेफिसेंट चल म्हणते, ती जात नाही.

इथंच पोरींनी तिला कृतघ्न ठरवलं, आणि इथंच मला थांबून बोलायचंय. ऑरोरानं का विश्वास ठेवावा? समोर एक माणूस शापानं झोपलाय. आख्ख्या जगात असा शाप देऊ शकणारी बाई तिला एकच माहीत आहे, आणि त्या शापाची पहिली शिकार ती स्वतः होती. जिनं जागं केलं तिनंच झोपवलं होतं. पहिल्या भागाच्या शेवटी ते माफ झालं, पण माफ केलं म्हणून कुणी विसरत नाही. त्या क्षणी तिच्या मनात राजवाडा नसतो, दागिने नसतात; आपल्या माणसानं पुन्हा तेच केलं की काय, ही भीती असते. वाढवणाऱ्या बाईवर जीव असणं आणि तिच्या रागाची भीती असणं, दोन्ही एकाच पोटात राहतं. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग तिनं निदान विचारायला पाहिजे होतं ना, आई.” खरंय तिचं. पण विचारायला वेळ कुणी दिला? मॅलेफिसेंट खिडकीतून बाहेर पडते न पडते तोच इन्ग्रिथची माणूस गेर्डा तिच्यावर लोखंडाची गोळी झाडते. परीला लोखंड म्हणजे विष. ती पाण्यात पडते आणि दोघींमधलं बोलणंच संपतं.

सिनेमाची मोठी चूक मला वाटते ती ही, की ऑरोराच्या मनातला हा संशय त्यांनी आपल्याला वाटूच दिला नाही. इन्ग्रिथ पहिल्यांदा हसते तेव्हाच तिचं पोट आपल्याला कळतं. काय ते आधीच माहीत असल्यामुळं आपण लांबून ऑरोराला दोष देत बसतो. हेच जर शेवटपर्यंत झाकून ठेवलं असतं, मॅलेफिसेंटनंच केलं असेल का असं आपल्यालाही खरोखर वाटलं असतं, तर ती पोर जशी दोन्हीकडं ओढली जाते तसे आपणही ओढले गेलो असतो. गोष्टीत तेवढी ताकद होती.

त्यानंतर मॅलेफिसेंट जाते तिच्यासारख्याच पंखवाल्या, शिंगवाल्या लोकांच्या बेटावरच्या वस्तीत. माणसांनी हाकलून दिलेले हे सगळे तिथं लपून राहतात. कोनॉल म्हणतो माणसांशी समेट करू, बोरा म्हणतो लढू. चिवेटेल एजिओफोर कोनॉल झालाय आणि त्याचं शांत बोलणं मला आवडलं, पण त्याला काम फार थोडं दिलंय. हा भाग डोळ्यांना सुंदर आहे, वाळवंटापासून बर्फापर्यंतच्या जागा आहेत तिथं. मनाला मात्र फार लागत नाही. कारण आपलं मन राजवाड्यात अडकलेलं असतं, आणि तिकडं कॅमेरा पुरेसा वळतच नाही.

राजवाड्यातली ऑरोरा मला अजून हवी होती. नव्या घरात तिला हळूहळू जाणवतंय की आपण इथल्या साच्यात बसत नाही. मी शाळेचे गणवेश शिवते, माझं अर्धं लक्ष कपड्यांवरच असतं. रानात तिचे कपडे हलके, वाऱ्यावर हलणारे, केसांत फुलं. अल्स्टेडला आली की कापड जड होतं, अंगाला बसतं, चालणं आखडतं. माप चुकलेल्या गणवेशात पहिल्या दिवशी उभं असलेलं पोर कसं दिसतं, तशी ती दिसते. वेशभूषा एलन मायरोजनिक यांची आहे आणि ती बाई कपड्यांतून गोष्ट सांगते. इन्ग्रिथ कायम पांढऱ्या-रुपेरी रंगात, मोत्यांनी मढलेली, मॅलेफिसेंट काळ्यात. कोण चांगलं, कोण वाईट हे रंगावरून ठरवायची लहानपणापासूनची सवय इथं मुद्दाम उलटी केलीय. रंगभूषा आणि केशभूषेसाठी या सिनेमाला ऑस्करचं नामांकनही होतं. जोलीच्या गालांची ती धारदार हाडं जवळून बघितली की ते का, हे समजतं.

सासूच खरी शत्रू असणं ही कल्पना काही सिनेमावाल्यांची नवीन नाही. शार्ल पेरोनं 1697 मध्ये ही गोष्ट छापली तेव्हा राजकन्या जागी झाल्यावर गोष्ट संपत नव्हती. राजपुत्राची आई राक्षसकुळातली असते आणि सुनेला, नातवंडांना खायला निघते. त्यातल्या नातीचंच नाव ऑरोर. ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये सांगितली ती गोष्ट लग्नाशीच थांबते, आणि आपल्याकडं मुलांना तीच माहीत आहे. म्हणजे हा दुसरा भाग नकळत म्हणा, जाणून म्हणा, जुन्या गोष्टीच्या गाळलेल्या अर्ध्यापर्यंत जाऊन पोचलाय. फक्त इथली सासू नातवंडं खात नाही, सुनेचं माहेर संपवायला निघते.

आणि ते कसं, हे बघताना माझ्या अंगावर काटा आला. लग्नासाठी मूर्सच्या सगळ्यांना आमंत्रण जातं. चिमुकले जीव नटून-थटून, हरखून येतात, प्रार्थनाघरात बसतात, आणि मागून दारं लावली जातात. परीजनांच्या कबरींवर उगवणाऱ्या फुलांपासून केलेली लाल भुकटी, गेर्डा ऑर्गन वाजवायला लागली की नळ्यांतून बाहेर उडते. ज्याला ती लागते तो जागच्या जागी संपतो. आम्ही सोलापूरची माणसं. संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापुढं आख्खं गाव वऱ्हाडी म्हणून उभं असतं, सातही नंदीध्वज सजून येतात, ओळख ना पाळख पण सगळे एकाच लग्नाचे. अक्षता हातात घेऊन आलेल्या माणसाला कोंडून मारणं म्हणजे काय, हे आम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. मावशीनं तिथं तोंडाला पदर लावला. फ्लिटल नावाची छोटी निळी परी ऑर्गनची नळी स्वतःच्या जिवानं बंद करते तेव्हा लेक उठून माझ्या मांडीवर येऊन बसली. लहान मुलांना घेऊन बघणार असाल तर हा प्रसंग आधीच माहीत असू द्या. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला तो जड जाईल.

या सगळ्यात ऑरोरा कुठं असते? तिला चातीचा शोध लागलेला असतो. त्याच जुन्या, शापाच्या चातीनं इन्ग्रिथनं नवऱ्याला झोपवलं, हे तिला स्वतःला कळतं. ही तिच्या गोष्टीतली सगळ्यात मोठी घटना. आपण चुकीच्या आईवर आळ घेतला, हे कळल्यावर माणसाच्या आत काय होतं ते दाखवायला इथं पाच मिनिटं तरी द्यायची. तसं न करता तिला कोंडतात, पळवतात, आणि सिनेमा आकाशातल्या लढाईकडं निघून जातो. पंख, बाण, लाल धूर, पुन्हा पंख. पहिला भाग 97 मिनिटांचा होता, हा 119 मिनिटांचा. वाढलेली मिनिटं पोरीच्या वाट्याला आलीच नाहीत. फिलिपचंही तसंच. त्याच्याही दोन बाजू आहेत, एकीकडं जन्मदाती आई, एकीकडं ऑरोरा आणि न्याय. तो योग्य तेच करतो, पण ते करताना त्याला किती जड गेलं हे कुणी विचारत नाही. मुलगी घर सोडून येते तेव्हाच तेवढं मन फाटतं, मुलाचं फाटत नाही, असं थोडंच आहे.

तरी मनोऱ्यावरचा प्रसंग बघाच. मॅलेफिसेंट संतापानं इन्ग्रिथला संपवायला निघालीय आणि ऑरोरा मधे येते. मारू नकोस म्हणते, तू अशी नाहीस म्हणते, आणि सगळ्यांच्या देखत तिला आई म्हणते. रक्ताची नाही, राजघराण्याची नाही, शिंगवाली, पंखवाली, आणि तीच आपली आई. एल फॅनिंगनं हे फार साधेपणानं म्हटलंय, त्यात रडगाणं नाही. मेजवानीत इन्ग्रिथनं ‘खरी आई’ म्हणून जे हिसकावलं ते ती पोर इथं स्वतःच्या तोंडानं परत देते. लगेच इन्ग्रिथ ऑरोरावर बाण सोडते, मॅलेफिसेंट तो स्वतःवर घेते आणि तिची राख होते. लेकीच्या आसवांनी ती त्या राखेतून उठते. पहिल्या भागात आईच्या अश्रूंनंतर पोर उठली होती, इथं पोरीच्या अश्रूंनी आई उठते. हे जुळवणारा माणूस चांगला आहे, एवढं मी नक्की म्हणेन.

शेवटी मॅलेफिसेंट इन्ग्रिथची शेळी करून टाकते. लेक खूश झाली. मला ते हलकं वाटलं. एवढ्या जीवांचा बळी घेतलेल्या बाईला ही शिक्षा पुरत नाही, आणि भाऊ गमावलेल्या, मनाविरुद्ध लग्न लावून दिलेल्या त्या बाईचं दुःखही त्यात वाया जातं. लग्न मात्र त्याच दिवशी लागतं, आणि आशीर्वाद देते ती मॅलेफिसेंट, शिंगांवर काही न घेता. बारशाला येईन असं सांगून ती रानात परत जाते. मावशी इथं बोलली, “बगा, न्हेऊन ठिवली न्हाई पोरीला, आन सोडूनबी दिली न्हाई.”

बघायचा असेल तर पहिला भाग आधी बघून घ्या, त्याशिवाय ऑरोराची भीती कळणार नाही. हिंदीत मॅलेफिसेंटला ऐश्वर्या राय बच्चनचा आवाज आहे आणि तो शोभतो. रागात असतानाही त्यात ओलावा राहतो. मराठीत मिळाला असता तर मावशीला काही वाक्यं मला सांगत बसावी लागली नसती, आणि अशा गोष्टी मराठीतून याव्यात असं मला फार वाटतं. इंग्रजीतून बघितलात तर फायफरचं बोलणं तिच्याच आवाजात ऐकायला मिळेल. त्या मेजवानीसाठी तरी एकदा तसं बघा. आणि घरात लेक असेल तर तिला शेजारी घेऊन बसा. राजा जॉन कोसळला की थांबवा, आणि ऑरोराच्या जागी तू असतीस तर कुणाचं ऐकलं असतंस, हे तिला विचारा. आमच्याकडं त्या प्रश्नावर जेवणं होईपर्यंत बोलणं चाललं, आणि मैत्रिणींना सांगायला लेकीकडं आता तिचं स्वतःचं मत आहे.